सुधारगृहातल्या पोरांचं डिप्रेशन स्क्रीनिंग: फॉर्म हातात देऊन मोकळे होऊ नका

केसमध्ये अडकून आत आलेलं पोर रडेलच असं नाही, बऱ्याचदा ते नुसतं चिडतं. या वयात डिप्रेशन उदासीऐवजी चिडचिडीतून बाहेर पडू शकतं आणि मग स्टाफ त्याला 'उद्धट' म्हणतो नि विषय तिथंच संपतो, याचं मला फार वाईट वाटतं.

स्क्रीनिंग शक्यतो पहिल्या २४ तासांतच करा, सुरुवातीचे दिवस फार नाजूक असतात. यासाठी मायसी-२ नावाची प्रश्नावली आहे, अशाच पोरांसाठी बनवलेली, वय १२ ते १७, ५२ प्रश्न आणि उत्तर फक्त हो किंवा नाही. ती नसेल तर पीएचक्यू-९ या डिप्रेशनच्या प्रश्नावलीचं किशोरांसाठीचं रूप वापरा, त्यात गेल्या २ आठवड्यांबद्दल ९ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, एकूण २७. १० किंवा त्याच्या वर गेलं की तज्ज्ञाकडे पाठवायचं, आपण स्वतः 'याला डिप्रेशन आहे' असं लिहायचं नाही, ही नुसती चाळणी आहे.

आता मेन गोष्ट. एकदा एका पोरानं अर्ध्या मिनिटात नऊच्या नऊ ठिकाणी शून्यावर टिक मारली आणि पेन परत दिलं. मला वाटलं नीट वाचता येत नसेल, म्हणून शेजारी बसून एकेक प्रश्न बोलीभाषेत विचारला, "आधी जे करायला मजा यायची ते आता करावंसं वाटतं का रे?" बराच वेळ गप्प, मग म्हणाला, "कशातच काय नाय." आत आल्यावर झोप-भूक तशी सगळ्यांचीच बिघडते, त्यामुळे या मजा वाटण्याच्या प्रश्नाला आणि स्वतःबद्दल वाईट वाटण्याच्या प्रश्नाला मी जास्त वेळ देतो.

विचारण्याआधी उत्तरं कोण बघणार ते खरं खरं सांगा. 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नका, कारण जिवाचा प्रश्न आला तर सांगावंच लागतं. आणि ही उत्तरं केसमध्ये त्याच्याविरुद्ध वापरली जाणार नाहीत हे वरिष्ठांकडून आधीच लेखी ठरवून घ्या, नाहीतर कोण कशाला खरं बोलेल.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा, तो गाळू नका, थेट विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तसलं काही शिरत नाही. थोडंसं जरी 'हो' आलं तर टोटल कितीही कमी असू दे, त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी तज्ज्ञाला बोलवायचं.

एकदा केलं म्हणजे झालं असंही नाही. कोर्टाची तारीख झाली, जामीन नाकारला, भेटीच्या दिवशी घरचं कुणी आलं नाही, की त्याच संध्याकाळी परत शेजारी जाऊन बसा.