सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या रंगांचा अर्थ लावताना या चुका टाळा

‘सरड्यासारखे रंग बदलणे’ हा वाक्प्रचार मराठीत इतका रुळला आहे की, प्रत्यक्ष सरड्याकडे पाहतानाही आपण त्याचा अर्थ आधीच ठरवून टाकलेला असतो. साप, सरडे, बेडूक आणि सॅलॅमँडर यांच्या संरक्षक रंगांविषयीची बहुतेक चुकीची विधाने अशा घाईतून येतात. रंग नेमका कोणाच्या डोळ्यांसाठी आहे, तो किती अंतरावरून पाहिला जातो आणि त्या क्षणी प्राणी काय करत आहे, हे न विचारताच उत्तर दिले जाते.

प्रत्येक रंगबदलाला ‘लपण्यासाठी’ म्हणणे

शॅमेलिऑन या रंग बदलणाऱ्या सरड्याला चौकटीच्या कापडावर ठेवले की त्याच्या अंगावर चौकटी उमटतात, हा समज सर्वांत चिवट आहे आणि तो पूर्णपणे चुकीचा आहे. पँथर शॅमेलिऑनच्या त्वचेतील काही पेशींमध्ये ग्वानीन या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. प्राणी निवांत असताना हे स्फटिक एकमेकांच्या जवळ असतात आणि निळा प्रकाश परावर्तित करतात. त्यावर पिवळ्या रंगद्रव्याचा थर असल्याने आपल्याला तो प्राणी हिरवा दिसतो. प्रतिस्पर्धी नर समोर आला की स्फटिकांमधील अंतर वाढते आणि त्वचा पिवळ्या-नारिंगी छटांकडे झुकते. ही यंत्रणा जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी 2015 मध्ये उलगडून दाखवली. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, पानांत मिसळून जाणारा रंग हा त्याचा शांतपणीचा रंग आहे आणि बदलानंतर तो अधिकच नजरेत भरतो. दक्षिण आफ्रिकेतील बुटक्या शॅमेलिऑनांच्या 21 वंशशाखांची तुलना करणाऱ्या 2008 च्या अभ्यासातही असेच आढळले की, ज्यांच्या परिसरात पार्श्वभूमीची विविधता जास्त त्यांच्यात नव्हे, तर ज्यांचे प्रदर्शनाचे रंग अधिक उठावदार त्यांच्यात रंगबदलाची क्षमता जास्त होती. याचा अर्थ शॅमेलिऑन परिसराशी मुळीच जुळवून घेत नाही असा नाही. मात्र या क्षमतेच्या विकासामागची मुख्य प्रेरणा लपणे नसून संवाद असावी.

म्हणून बदललेला रंग दिसला की आधी वेळ आणि ऋतू पाहावा. सकाळच्या गारव्यात गडद झालेला सरडा बहुधा ऊन शोषून घेत असतो. विणीच्या हंगामात बागेतल्या सरड्याच्या नराचे डोके आणि गळा लालभडक होतो. त्यावरून तो रक्त शोषतो अशी समजूत पसरली, पण तो लाल रंग रक्ताचाही नाही आणि संरक्षणाचाही नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला पिवळाधमक होणारा भारतीय बुलफ्रॉगचा नर तर लपण्याच्या अगदी उलट वागत असतो.

याच चुकीची दुसरी बाजू म्हणजे एका प्राण्यातील बदल आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा बदल यांची गल्लत करणे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात व्हाइट सँड्स येथे जिप्समच्या पांढऱ्या टेकड्यांवर सरड्यांच्या तीन जाती फिकट रंगाच्या आढळतात, तर आसपासच्या गडद मातीवर त्याच जाती गडद असतात. तेथील सरडा वाळूवर आला म्हणून पांढरा झालेला नाही. मेलॅनिनशी संबंधित एका जनुकातील बदल निवडीच्या ओघात टिकून राहिले आणि हे सारे गेल्या काही हजार वर्षांत घडले. ‘जुळवून घेतले’ हे क्रियापद दोन्ही ठिकाणी वापरल्यास वाचकाची दिशाभूल होते.

भडक म्हणजे विषारी, मळकट म्हणजे निरुपद्रवी असे मानणे

मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील डार्ट फ्रॉग हे इशारा देणाऱ्या रंगांचे नेहमीचे उदाहरण आहे आणि ते योग्यही आहे, परंतु त्यातून काढले जाणारे निष्कर्ष अनेकदा अयोग्य असतात. या बेडकांची विषद्रव्ये प्रामुख्याने त्यांच्या आहारातील मुंग्या, माइट आणि तत्सम संधिपाद प्राण्यांपासून येतात. बंदिवासात जन्मलेल्या आणि फळमाश्यांवर वाढलेल्या बेडकाचा रंग तोच राहतो, पण त्याच्या त्वचेत ते विष नसते. शिवाय या कुळात तपकिरी आणि बिनविषारी जातीही आहेत, आणि बाणांच्या टोकांना विष लावण्यासाठी फायलोबेटिस या एकाच प्रजातीतील (जीनसमधील) मोजक्या जाती वापरल्या गेल्याची खात्रीशीर नोंद आहे.

उलट बाजूची चूक अधिक महागात पडते. केन टोड हा भेक दिसायला मातकट असतो, पण त्याच्या डोळ्यांमागील ग्रंथींमधले विष घातक असते. 1935 मध्ये तो ऑस्ट्रेलियात आणला गेला, आणि त्याला भक्ष्य समजणाऱ्या तेथील घोरपडी आणि क्वोल हे मांसाहारी शिशुधान प्राणी मोठ्या प्रमाणावर मेल्या. अनेक स्किंकांच्या (सापसुरळ्यांच्या) पिल्लांची शेपटी मात्र चकचकीत निळी असते आणि तिच्यात विषाचा थेंबही नसतो. हल्ला डोक्यावर होण्याऐवजी तुटून पडू शकणाऱ्या शेपटीवर व्हावा, हेच तिचे काम.

पट्ट्यांवरून सापाची खात्री करून घेणे

विषारी प्राण्याशी साम्य असलेल्या निरुपद्रवी प्राण्याला त्या साम्याचा लाभ मिळतो, हा विचार हेन्री वॉल्टर बेट्स यांनी 1862 मध्ये फुलपाखरांच्या संदर्भात मांडला. सापांच्या बाबतीत त्याची चाचणी प्लॅस्टिसिनचे नकली साप ठेवून घेतली गेली. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात, जिथे कोरल साप हे पट्टेरी विषारी साप राहतात तिथे पट्टेरी नमुन्यांवर हल्ले तुलनेने कमी झाले आणि जिथे ते राहत नाहीत तिथे हे संरक्षण उरले नाही.

भक्षकाला फसवण्यासाठी घडलेले हे साम्य माणसालाही फसवते, याचा विसर पडू नये. लाल आणि पिवळा पट्टा शेजारी असल्यास साप विषारी, हा उत्तर अमेरिकेत प्रचलित असलेला नियम मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील कोरल सापांना लागू पडत नाही आणि वेगळ्या रंगाचे अपवाद उत्तरेतही सापडतात. विषारी मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांचेही तसेच. मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठळक आणि मानेकडे पुसट, तर कवड्याचे मानेकडे ठळक असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. पण अंधारात, घाईत, कात टाकण्याच्या सुमारास मळकटलेल्या त्वचेवर हा फरक शोधत बसणे धोक्याचे आहे. शंका असेल तर साप विषारी आहे असे धरून अंतर राखावे आणि जाणकाराला बोलवावे. या विषयात मला तडजोड मान्य नाही.

स्वतःचे डोळे प्रमाण मानणे

पक्ष्यांना अतिनील प्रकाश दिसतो, आपल्याला दिसत नाही. निळ्या जिभेच्या स्किंकची जीभ अतिनील प्रकाशातही चमकते आणि तिचा मागचा भाग सर्वांत तेजस्वी असतो. भक्षक अगदी जवळ आल्यावरच स्किंक ती पूर्ण बाहेर काढतो. अंतराचाही हिशेब धरावा लागतो. डेंड्रोबेटिस टिंक्टोरियस या डार्ट फ्रॉगचे पिवळे-काळे नक्षीकाम जवळून इशारा देते, पण लांबून ते रंग एकमेकांत मिसळतात आणि बेडूक पालापाचोळ्यात हरवतो. एकच कातडी दोन परस्परविरोधी कामे करते, म्हणून ‘इशारा की मायावरण (परिसरात मिसळून लपणे)’ हा प्रश्नच काही वेळा चुकीचा ठरतो.

रंगाला वागण्यापासून वेगळे काढणे

फायर बेलीड टोड वरून चिखलासारखा दिसतो. धोका जाणवल्यावर तो अंग वाकवून पोटाचा लाल किंवा पिवळा रंग दाखवतो. हरणटोळ वेलीसारखा स्तब्ध राहतो आणि छेडल्यावर अंग फुगवून खवल्यांमधली काळी-पांढरी नक्षी उघड करतो. छायाचित्रासाठी प्राण्याला उचलून ‘चांगल्या’ पार्श्वभूमीवर ठेवले, तर त्याचे मायावरण का जमत नाही असा खोटा प्रश्न उभा राहतो. आपल्या नोंदींमध्ये असा विसंगत प्राणी आढळला, तर तो मूळ जागी होता का, हे आधी तपासावे.

हीच दक्षता जतन केलेल्या नमुन्यांबाबतही लागते. हिरवा साप अल्कोहोलमध्ये ठेवला की पिवळे रंगद्रव्य विरघळून जाते, प्रकाश विखुरणारी रचना मात्र टिकते आणि साप निळा दिसू लागतो. त्यामुळे जिवंतपणीचा रंग, वेळ, उजेड आणि प्राण्याची हालचाल यांची नोंद त्याच दिवशी करावी. वर्षभरानंतर बाटलीकडे पाहून ती पूर्ण करता येत नाही.