कपाटातलं फ्लॅश इंटरनेट आर्काइव्हवर कसं चढवायचं

२००० नंतर पुण्या-मुंबईत ज्यांनी मल्टिमीडियाचा कोर्स केला, त्यांच्या कपाटात फ्लॅशच्या, म्हणजे हलती चित्रं आणि खेळ बनवायच्या तेव्हाच्या सॉफ्टवेअरच्या, कामाची एखादी तरी सीडी निघतेच. माझ्याकडे डबाभर आहेत: दिवाळीची शुभेच्छापत्रं, बाराखडी, लग्नाच्या हलत्या पत्रिका. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअर बंद झाला. पण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात इंटरनेट आर्काइव्ह या मोफत डिजिटल संग्रहानं ‘रफल’ हा एम्युलेटर, म्हणजे फ्लॅश प्लेअरची नक्कल करणारा प्रोग्राम, बसवला होता, त्यामुळे तिथं चढवलेलं फ्लॅश साध्या ब्राउझरमध्ये चालतं.

आधी सगळ्या सीडी कॉपी करून घ्या. मग फायली ओळखा. एफएलए ही आपली कामाची फाइल, एसडब्ल्यूएफ ही चालणारी. आर्काइव्हवर दुसरी लागते. पहिली असेल तर तीही सोबत द्या, शिकणाऱ्याला टाइमलाइन (कुठल्या क्षणी काय हलतं त्याची पट्टी) तीतच बघता येते. नुसती ईएक्सई सापडली तर ती बहुधा प्रोजेक्टर, म्हणजे प्लेअरसकट बांधलेली फाइल असते, तेव्हा आत एसडब्ल्यूएफ असतेच. जेपेक्स (JPEXS) या फ्लॅश फायली उलगडणाऱ्या मोफत डीकंपायलरनं ती बाहेर काढता येते.

आर्काइव्हवर खातं फुकट आहे. अपलोड करताना ‘कम्युनिटी सॉफ्टवेअर’ निवडा. जादा माहितीच्या रकान्यांत ‘एम्युलेटर’ (emulator) समोर ‘रफल-एसडब्ल्यूएफ’ (ruffle-swf) आणि ‘एम्युलेटर_ईएक्सटी’ (emulator_ext) समोर ‘एसडब्ल्यूएफ’ (swf) भरा. हे सगळं इंग्रजी अक्षरांत, आणि सगळी अक्षरं छोटी. हे दोन रकाने राहिले तर फाइल नुसती पडून राहते.

आता खरं काम, आणि ते मराठी माणसानंच करायचं आहे. आपण तेव्हा शिवाजी नाहीतर श्री-लिपी या युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप करायचो, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे. स्टॅटिक टेक्स्टची, म्हणजे न बदलणाऱ्या मजकुराची, अक्षरं फाइलमध्येच आकार म्हणून बसलेली असतात, ती नीट दिसतात. डायनॅमिक टेक्स्टमध्ये, म्हणजे चालताना बदलणाऱ्या मजकुरात, फॉन्ट एम्बेड केला (फाइलमध्येच भरला) नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. दोन्ही बाबतींत शोधयंत्राला त्यातलं मराठी कळत नाही. म्हणून वर्णनात पडद्यावरचा सगळा मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, अगदी ‘पुढे जा’ या बटणासकट. चित्रं कुणाची, आवाज कुणाचा, कोडिंग कुणी केलं, तेही त्यांना विचारून लिहा. तारीख सीडीवरच्या फाइलची घ्या, आज कॉपी केल्याची नको.

नोकरीत केलेलं काम १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, मालकाचं असतं. तेव्हा लेखी परवानगी मागा. लग्नपत्रिका मी चढवत नाही. त्यांत वधूवरांच्या घरचे पत्ते आणि फोन असतात, शिवाय मागे सिनेमाचं गाणं वाजत असतं!

सीडी नसली तरी काम आहे. आर्काइव्हवरची मराठी फ्लॅशं शोधा, चालवा आणि खाली रिव्ह्यूमध्ये लिहा: बोली कुठली, कुठल्या इयत्तेचा धडा, कुठे अडकतं. फ्लॅशची कोडिंगची भाषा म्हणजे ॲक्शनस्क्रिप्ट. तिच्या जुन्या १ आणि २ या आवृत्त्यांची कामं रफल बरीच नीट चालवतो, ३ची काही रखडतात. दहा फायली एकमेकींना बोलावणारं मोठं काम असेल तर आर्काइव्हपेक्षा फ्लॅशपॉइंट हा जुने वेब-खेळ आणि ॲनिमेशन जतन करणारा प्रकल्प बरा. तिथं ‘क्युरेट’ विभागात नाव, निर्माता, तारीख, स्क्रीनशॉट भरून पाठवायचं. तिथले स्वयंसेवक चालवून बघतात आणि मगच घेतात.