भूल किती खोल : मॉनिटरकडे बघताना या चुका टाळा

ऑपरेशन सुरू असतं, रेसिडेंटची, म्हणजे शिकाऊ डॉक्टरची, नजर मॉनिटरवर खिळलेली असते आणि मी काही विचारायच्या आत उत्तर येतं, ‘मॅडम, बिस ४८ आहे.’ बिस म्हणजे कपाळावर पट्टी लावून, मेंदूच्या लहरींवरून भूल किती खोल आहे ते सांगणारा आकडा. तो ४० ते ६० च्या मध्ये, म्हणजे पेशंट गाढ झोपेत, प्रश्न मिटला. मग मी विचारते, व्हेपोरायझरच्या, म्हणजे भुलीच्या औषधाची वाफ करणाऱ्या भांड्याच्या, काचेत औषध कुठपर्यंत आहे? सलाइन कुठल्या हाताला आहे, सुईची जागा दिसते का? ईएमजीची, म्हणजे कपाळाच्या स्नायूंची वीज दाखवणारी, पट्टी किती वर आहे? तिन्ही प्रश्नांना तो मान वळवून शोधायला लागतो.

बावीस वर्षं भूल देते आहे. मशीन बदलली, औषधं बदलली, चुका मात्र त्याच. त्यातल्या दोन चुकांबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण त्यांची किंमत पेशंट मोजतो आणि ती मोजत असताना त्याला हूं की चूं करता येत नाही.

नाडी शांत, म्हणजे पेशंट शांत

ही चूक मी स्वतः केलेली आहे. तालुक्याच्या गावातलं एक नर्सिंग होम. सकाळी एका ठिकाणी दोन सिझेरियन आटोपून मी तिथे पोचले तेव्हा पित्ताशयाची दुर्बिणीची केस टेबलवर घेऊन झाली होती. पन्नाशीच्या शिक्षिका, ब्लड प्रेशरसाठी रोज मेटोप्रोलॉल घेणाऱ्या. सर्जनना पुढे ओपीडी होती. मी ऑक्सिजन तपासला, सक्शन तपासलं, लॅरिंगोस्कोपचा दिवा तपासला. व्हेपोरायझरच्या काचेकडे मात्र पाहिलं नाही. आदल्या दिवशीच्या केसनंतर तो कुणी भरला नव्हता.

झोपेसाठी प्रोपोफोल, वेदनेसाठी फेंटॅनिल, स्नायू शिथिल करायला व्हेक्युरोनियम, नळी नीट बसली, भुलीच्या वाफेची, म्हणजे आयसोफ्लुरेनची, डायल १ वर. तळाशी जे काही उरलं होतं ते काही मिनिटांत संपलं. डायल १ वरच होती. पेशंट श्वासातून नेमकं किती औषध बाहेर टाकतो ते दाखवणारा गॅस मॉनिटर तिथे नव्हता, बिसचं तर नावच नको. नाडी ६८. प्रेशर १५० वर गेलं, तेव्हा मी म्हटलं, पोटात गॅस भरलाय, चढणारच. नाडी हलत नव्हती, आणि तिच्यावरच मी विसंबून होते. व्हेक्युरोनियमचा पुढचा डोस देऊन औषधाची नोंद करायला वळले, तेव्हा काच कोरडी दिसली.

दुसऱ्या दिवशी राउंडला गेले. बाई उशीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘मॅडम, तुम्हाला एक विचारू का? माझं ऑपरेशन चालू असताना मुलीच्या अ‍ॅडमिशनचं कोण बोलत होतं?’ सर्जन बोलत होते. पुढे त्या म्हणाल्या, ‘पोट कुणीतरी आतून ताणतंय असं वाटत होतं. ओरडायचं होतं, पण जीभच हलेना. मला वाटलं मी मेले आणि तुम्हाला कुणाला कळलं नाही.’

मेटोप्रोलॉल घेणाऱ्या माणसाची नाडी घाबरल्यावरही धावत नाही, हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. नाडी, प्रेशर, घाम आणि डोळ्यांतलं पाणी या चार खुणांवर भुलीची खोली ओळखायची आपली जुनी पद्धत आहे. ती टाकाऊ नाही. पण मेटोप्रोलॉलसारखा बीटा ब्लॉकर नाडी लपवतो, ग्लायकोपायरोलेट घाम आणि अश्रू आटवतं, फेंटॅनिल प्रेशर दाबतं. आपण दिलेल्या औषधांनीच या खुणा पुसल्या जातात, आणि मग त्या दिसत नाहीत म्हणून आपण निर्धास्त होतो. १९३७ च्या पुस्तकात गेडेलने भुलीच्या पायऱ्या मांडल्या त्या स्वतः श्वास घेणाऱ्या, ईथर हुंगणाऱ्या पेशंटवरून. श्वासाची लय, बुबुळांची हालचाल, स्नायूंचा ताठरपणा. स्नायू शिथिल करणारं औषध दिलं की त्यातलं बहुतेक सगळं आपल्या हातून जातं.

त्या दिवसापासून माझी एक सवय आहे. भूल देण्याआधी काचेतली पातळी बघते आणि ती मोठ्याने म्हणते, ‘आयसो अर्ध्याच्या वर.’ सिस्टरना आता त्याची सवय झाली आहे. दर पंधरा मिनिटांनी प्रेशर लिहिताना त्याच रकान्याखाली पातळी लिहिते. गॅस मॉनिटर असेल तिथे श्वासातलं औषध वयानुसार ०.७ मॅकच्या (मॅक हे भुलीच्या वाफेच्या मात्रेचं माप, पुढे सांगते) खाली गेलं की ओरडेल असा अलार्म लावते, आणि तो अलार्म माझ्या ऑपरेशन थिएटरमध्ये कुणीही बंद करायचा नाही. ‘मॅडम, फार वाजतो’ हे कारण मी ऐकून घेत नाही. २०११ मध्ये बॅग-रिकॉल या सहा हजारांवर पेशंटच्या चाचणीत बिसच्या अलार्मची तुलना अशाच अलार्मशी केली गेली आणि बिस सरस ठरला नाही. ज्यांना बिस परवडत नाही त्यांनी हे लक्षात ठेवावं. नवीन मशीन घेताना पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर आधी गॅस मॉनिटर घ्या.

आकडा खाली यावा म्हणून रिलॅक्संट देणं

ही दुसरी चूक, आणि हिच्यावर माझा आवाज चढतो. बिस ६८ दाखवतो, सर्जन म्हणतात पोट घट्ट लागतंय, रेसिडेंट अ‍ॅट्राक्युरियम हे रिलॅक्संट, म्हणजे स्नायू शिथिल करणारं औषध, ढकलतो. दोन मिनिटांत आकडा ५०. सगळे खूश. आणि प्रत्यक्षात झालं काय? कपाळावरची पट्टी मेंदूच्या लहरींबरोबर कपाळाच्या स्नायूंची वीजही उचलते. ती वीज वरच्या पट्ट्यातली असल्यामुळे मशीनला ती जागेपणासारखी वाटते. रिलॅक्संटने स्नायू गप्प झाले, म्हणून आकडा उतरला. मेंदू होता तिथेच आहे, फक्त आता तो पेशंट हात हलवून सांगूही शकत नाही.

यावर कुणी वाद घातला की मी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगते. दहा स्वयंसेवकांना भुलीचं औषध अजिबात न देता फक्त स्नायू शिथिल करणारं औषध दिलं. माणसं टक्क जागी होती आणि बिसचा आकडा ६० च्या खाली गेला. ही गोष्ट ज्याने एकदा नीट मनात घेतली तो आकडा सुधारण्यासाठी रिलॅक्संटच्या सिरिंजला हात लावणार नाही.

बिस वर चढला तर माझा क्रम ठरलेला आहे. आधी औषध पेशंटपर्यंत पोचतंय का ते बघायचं : काच, डायल, सर्किट, सुई. मग ईएमजी आणि सिग्नलचा दर्जा. विजेने रक्त थांबवणारी कॉटरी चालू आहे का, गरम हवेचं ब्लँकेट डोक्यापाशी फुंकतंय का, तेही. मग कच्ची लहर, म्हणजे जिच्यावरून मशीन आकडा काढतं ती मेंदूची रेघ. सेव्होफ्लुरेनवर किंवा प्रोपोफोलवर नीट झोपलेल्या मोठ्या माणसाची लहर संथ, मोठी, लाटेवर लाट असावी तशी दिसते. जागेपणाकडे येताना ती बारीक आणि दाट होते. हे ओळखायला कुठलाही कोर्स लागत नाही. वीस केसेस शांत बसून बघाव्या लागतात, आणि नेमकं तेवढंच आजकाल कुणाला नको असतं. आकडा एका नजरेत कळतो, लहर वाचायला बसावं लागतं. तरीही शंका राहिली, तर मी भूल वाढवते. आधी भूल, मग चर्चा.

आकडा मागच्या काही सेकंदांच्या लहरींचा हिशेब असतो, त्यामुळे तो उशिरा बोलतो. कधी अर्धा मिनिट, कधी त्याहून बराच जास्त. चीर देताना तो ४५ असेल, तर ती चिरेच्या आधीची गोष्ट आहे.

टीवा देताना सुई चादरीखाली

फक्त शिरेतून भूल, म्हणजे टीवा, देणार असाल, तर सुईची जागा तुम्हाला ऑपरेशनभर दिसली पाहिजे. हात बाजूला बांधून वर ड्रेप टाकायचा असेल तर पायाला दुसरी सुई लावा, किंवा सर्जनशी भांडा. पंप ‘एवढे मिली गेले’ म्हणतो. ते शिरेत गेले की कातडीखाली की गादीवर, ते त्याला ठाऊक नसतं. गॅसमध्ये निदान श्वासातून मोजता येतं. इथे तेही नाही, म्हणून टीवा आणि रिलॅक्संट एकत्र असेल तिथे मी बिसशिवाय केस घेत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

बिसची पट्टी भूल दिल्यानंतर लावू नका. जागेपणीचा आकडा आणि लहर हाताशी नसेल तर पुढची तुलना कशाशी करणार? कपाळ तेलकट असतं, स्पिरिटने पुसा, वाळू द्या, मग दाबून लावा.

केटामाइन दिल्यावर बिस चढतो आणि पेशंट मात्र खोल असतो. नायट्रस वायूने आकडा फारसा हलत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळात या आकड्यावर भरवसा नको.

मॅक म्हणजे निम्मे पेशंट चिरेला हलणार नाहीत एवढी मात्रा. न हलणं हे मुख्यतः मज्जारज्जूचं काम आहे, त्यामुळे ‘हलला नाही’ आणि ‘कळलं नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी मॅक साधारण सहा टक्क्यांनी उतरतो. म्हणून ऐंशीच्या आजोबांना तिशीच्या मुलाची डायल ठेवू नका. लहर मध्येच सपाट होऊन पुन्हा उसळत असेल, तर भूल नको तितकी खोल गेली आहे. कमी करा.

नळी घालायला त्रास होतोय, तिसरा प्रयत्न चालू आहे, आणि इंडक्शनचं, म्हणजे झोपवताना दिलेलं, प्रोपोफोल केव्हाच उतरलं आहे. अशा वेळी एका माणसाचं काम फक्त प्रोपोफोलची सिरिंज धरून उभं राहणं. ब्रिटन आणि आयर्लंडच्या २०१४ च्या मोठ्या पाहणीत भुलीत जाग आल्याच्या नोंदी सरासरी १९,००० भुलींमागे एक होत्या, पूर्ण भूल देऊन केलेल्या सिझेरियनमध्ये ६७० मागे एक. एकूण नोंदींतल्या साधारण दोन तृतीयांश झोपवताना किंवा उठवताना घडल्या होत्या, ऐन ऑपरेशनमध्ये नाही.

उठवतानाची घाई तर रोज दिसते. शेवटचे टाके पडायच्या आधीच गॅस बंद करायचा, म्हणजे पुढची केस लवकर घेता येते. रिलॅक्संट उतरलेलं नसतं, स्नायूंमध्ये ताकद किती परतली ते मोजणारा टीओएफ कुणी लावलेला नसतो, आणि पेशंट जागा होऊन श्वासासाठी धडपडत असतो. पाच मिनिटं वाचवण्यासाठी माणसाला हे भोगायला लावायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? आधी टीओएफ बघा, रिलॅक्संट उतरवणारं रिव्हर्सल द्या, मगच गॅस बंद करा. सर्जनना थांबू द्या.

आणि मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाचा एक मिलिग्राम म्हणजे विमा नव्हे. झालेल्या आठवणी तो पुसत नाही.

दुसऱ्या दिवशी न विचारणं

‘झोप लागली ना छान?’ हा प्रश्न नाही, पेशंटच्या तोंडी घातलेलं उत्तर आहे. मी पाच गोष्टी विचारते. झोप लागायच्या आधीचं शेवटचं काय आठवतं? उठल्यावर पहिलं काय आठवतं? मधलं काही आठवतं का? स्वप्न पडलं का? सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला? आणि एकदा विचारून थांबत नाही. काहींना या आठवणी आठवड्याने येतात, म्हणून टाके काढायला येतात तेव्हा पुन्हा विचारते.

कुणी ‘हो, ऐकू येत होतं’ म्हणालं तर ‘तुम्हाला भास झाला असेल’ असं चुकूनही म्हणू नका. त्या शिक्षिकांसमोर मी खुर्ची ओढून बसले. काच कोरडी होती हे सांगितलं, माझं चुकलं असं म्हटलं, केसपेपरवर तसं लिहिलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे मला वेड लागलेलं नाही.’ रात्रभर त्यांना तीच भीती वाटत होती. पुढचे तीन महिने त्यांना झोप लागत नव्हती. मानसोपचारतज्ज्ञांकडे पहिल्या दोन वेळा मी सोबत गेले. वर्षभराने त्यांच्या मोतीबिंदूच्या वेळी त्यांनी निरोप पाठवला की डोळ्याला फक्त इंजेक्शन देणार आहेत, भूल नाही, तरी तुम्ही या. मी गेले, आणि ऑपरेशन संपेपर्यंत त्यांचा हात धरून बसले.