कोर्टात एलईडी डिस्प्ले बसवायचाय? आधी व्हरांड्यात उभं राहून बघा

तालुका आणि जिल्हा कोर्टांत डिस्प्ले बसवायचं काम मी बरीच वर्षं करतोय. नवीन पोरं विचारतात, दादा किती इंची घ्यायचा, पी-किती घ्यायचा (म्हणजे दिवे किती जवळजवळ). मी म्हणतो इंच नंतर, आधी सकाळी साडेदहाला कोर्टात जा आणि साडेअकरापर्यंत व्हरांड्यात नुसता उभा राहा, लोक कुठे बसतात, कुठे टेकतात, ऊन कुठून येतं ते बघ, मग टेप काढ.

एका तालुका कोर्टात असाच मोजमापाला गेलो होतो. जिन्याजवळच्या बाकावर एक आजी, हातात वहीच्या कागदावर वकिलांनी लिहून दिलेला नंबर, घामानं शाई थोडी पसरलेली. दर पाच मिनिटांनी उठायच्या, गुडघ्यावर हात टेकत कोर्टरूमच्या दारापर्यंत जायच्या, हवालदाराला विचारायच्या, परत बाकावर. भिंतीवर आधी कोणीतरी बसवलेला ३२ इंची टीव्ही होता आणि त्यावर एका वेळी वीस मॅटर, म्हणजे वीस केसेस! बाकापासून भिंत मोजली तर २६ फूट. आजी म्हणाल्या, बाळा त्यावर माझं आलंय का बघ रे, आणि खरं सांगतो तिथून मलाही वाचता येईना.

वकीलसाहेबांचं एक बरं असतं, त्यांच्याकडे मोबाईल आहे, मुंबई हायकोर्टाचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, तर वेबसाईटवरच दिसतो. गावाहून पहिल्या एसटीनं आलेल्या पक्षकाराला मात्र ती भिंतच बघायची असते. आणि पुकारा चुकला की साधी गोष्ट राहत नाही, दिवाणी दावा गैरहजेरीत काढून टाकला जाऊ शकतो, एकतर्फी चालू शकतो, चेक बाऊन्सच्या केसमध्ये फिर्यादी नसला तर आरोपी सुटू शकतो, आरोपी नसला तर वॉरंट. म्हणून डिझाईन त्या बाकावरून करायचं, न्यायाधीश साहेबांच्या चेंबरमधून नाही.

आता अक्षराचं गणित. साधा नियम असा की दर १० फुटांना १ इंच अक्षर. २६ फुटांना साधारण अडीच इंच, म्हणजे ६५ मिमी. हे नुसत्या मूळ अक्षराचं झालं, आपल्या देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतो, त्यामुळे एक ओळ १० सेंमी तरी खाते. ४३ इंची स्क्रीनची उंची जेमतेम ५३ सेंमी, म्हणजे पाच ओळी. ५५ इंचीची ६८, म्हणजे सहा. बस, एवढंच मावतं, वीस मॅटर कधीच मावत नाहीत. म्हणून वर कोर्ट नंबर, मध्ये चालू असलेला अनुक्रमांक सगळ्यात मोठा, त्याखाली पुढचे दोन-तीन. पूर्ण बोर्ड पाहिजे असेल तर तो छापून नोटीस बोर्डावर लावतातच, तो काढू नका.

मॉड्यूलवाला एलईडी (दिव्यांच्या छोट्या पाट्या जोडून केलेला) घ्यायचा की टीव्हीसारखा पॅनल, यावर खूप वाद होतात. पी म्हणजे दोन दिव्यांमधलं अंतर मिमीमध्ये. पी-१० चं मॉड्यूल ३२ बाय १६ ठिपक्यांचं असतं, आकार ३२० बाय १६० मिमी, लाल रंगाचं स्वस्त मिळतं म्हणून बरेच जण तेच टाकतात. आकडे त्यावर मस्त दिसतात, अगदी लांबून, पण १६ ठिपक्यांत मराठी नाव लिहायला गेलात की जोडाक्षराचा गोळा होतो. मराठी मजकूर नीट पाहिजे तर उंचीला निदान २४ ठिपके धरा, पी-२.५ वर ६५ मिमीत २६ ठिपके मिळतात म्हणजे जमतं. माझं मत विचाराल तर कोर्टरूमबाहेर ४३ किंवा ५५ चा कमर्शियल पॅनल, आणि मेन एंट्रीच्या मोठ्या हॉलमध्ये, जिथे ५० फुटांवरून बघायचंय, तिथेच मॉड्यूलवाला. घरगुती टीव्ही नकोच, रोज आठ-दहा तास एकच चित्र दाखवून त्याच्यावर डाग बसतो आणि अशा वापराला वॉरंटी बहुतेक वेळा देतच नाहीत. आतल्या जागेला ५०० ते ८०० निट्सचा उजेड भरपूर झाला. आवारात उघड्यावर लावायचा तर ५००० च्या पुढचा आणि आयपी-६५, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारा, आणि कोकणात असाल तर खाऱ्या हवेसाठी कार्डांवर कोटिंग आहे का ते विचारूनच घ्या.

फॉन्टचं आधी बघा. बऱ्याच एलईडी कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरला युनिकोड मराठी नीट कळत नाही, पाय मोडलेली अक्षरं दिसतात. मी टेस्टला चार आडनावं टाकतो, कुऱ्हाडे, क्षीरसागर, म्हात्रे, गोऱ्हे, ही चार सरळ दिसली की बाकी सगळं दिसतं. नाही दिसली तर मजकूर कॉम्प्युटरवर तयार करून चित्र म्हणून पाठवायचा. मुक्ता (Mukta) नावाचा फॉन्ट फुकट आहे, लांबून स्वच्छ वाचता येतो. जिल्हा कोर्टांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेनंतर मराठी आहे, तेव्हा डिस्प्ले पण मराठीच पाहिजे.

कुठली नावं दाखवायची नाहीत हे लेखी घ्या, यात तडजोड करू नका. पोक्सोमधलं बालक, बलात्कार पीडिता (भारतीय न्याय संहिता कलम ७२), बाल न्याय कायद्याखालची मुलं, यांची ओळख उघड करणं गुन्हा आहे आणि पन्नास माणसांसमोरची स्क्रीन म्हणजे उघड करणंच. कौटुंबिक मॅटरलाही नुसता केस नंबर पुरतो. मी तर सरळ सुचवतो की सगळ्यांचाच नुसता नंबर ठेवा, पक्षकाराच्या चिठ्ठीवर तोच असतो, फक्त चिठ्ठीवर जसा लिहितात तसाच स्क्रीनवर दिसला पाहिजे. चिठ्ठीत आर.सी.सी. (रेग्युलर क्रिमिनल केस) आणि स्क्रीनवर भलतंच काही, असं झालं की माणूस स्वतःचा नंबर समोर असून ओळखत नाही.

डेटा सीआयएस, म्हणजे कोर्टाच्या केसेसच्या सॉफ्टवेअरमधूनच यायला पाहिजे, वेगळं टायपिंग नको. कोर्टाच्या सिस्टीमवाल्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, त्यांच्या नेटवर्कमध्ये स्वतःचा राऊटर किंवा डोंगल खोचू नका. आणि बेंच क्लार्कशी बोला, सगळ्यात जास्त त्यांच्याशीच! पुढचं मॅटर आलं की नंबर पुढे ढकलायचं काम त्यांच्याच हातात असतं. एका ठिकाणी आमचं सगळं काम चोख झालं, वायर दिसत नव्हती एक, आणि आठवड्यानं गेलो तर स्क्रीनवर १४ आणि आत ३१ चालू. क्लार्क मॅडमच्या एका हातात रोजनामा (केसमध्ये त्या दिवशी काय झालं त्याची नोंद), दुसऱ्या हातात फायलींचा गठ्ठा, माऊस पार पलीकडे. त्यांना टेबलाच्या कडेला एका बटणाचा छोटा कीपॅड लावून दिला, दाबलं की पुढे, त्या दिवसापासून नंबर बरोबर. चुकीचा नंबर दाखवणारी स्क्रीन ही बंद स्क्रीनपेक्षा वाईट, कारण माणूस तिच्या भरवशावर चहाला जातो.

भिंतीचं काम. कोर्टाची बिल्डिंग बहुतेक ठिकाणी पीडब्ल्यूडीकडे असते, त्यांच्या इलेक्ट्रिकल विभागाला विचारल्याशिवाय ड्रिल लावू नका. जुन्या काळ्या दगडाच्या, चुन्याच्या भिंतीत गिट्टी ठोकून स्क्रू पिळला तर चुना भुरभुर गळतो आणि वजन धरत नाही, तिथे केमिकल अँकर (भोकात रसायन भरून घट्ट बसवलेला बोल्ट) किंवा सरळ खाली उभा स्टँड. वारसा इमारत असेल तर भोक पाडायचा विषयच नाही परवानगीशिवाय, मुंबई हायकोर्टाची १८७८ ची इमारत तर युनेस्कोच्या यादीतल्या परिसरात येते. स्क्रीनची खालची कड ७ फुटांवर, थोडी पुढे झुकलेली, खिडकीच्या समोरासमोर कधी नाही. व्हरांड्यात कबुतरं असतील तर वर पत्र्याची पट्टी टाका, पंख्याच्या जाळीत पिसं गेली की पॉवर सप्लाय तापून जातो.

वायरिंग थोडक्यात सांगतो. वेगळं सर्किट, एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडतो), आरसीसीबी (करंट गळला की तोडतो), अर्थिंग स्वतः मोजा. मॉड्यूलवाल्याला चौरस मीटरला कमाल पाच-सहाशे वॅट धरा, ५ व्होल्टच्या वायरी आखूड आणि जाड ठेवा नाहीतर टोकाची मॉड्यूलं फिकी पडतात. एचडीएमआय १० मीटरच्या पुढे ओढू नका, कॅट-६ नेटवर्क केबलवर एक्सटेंडर लावा, ती १०० मीटरच्या आत. लाईट जाते म्हणून छोटा यूपीएस हवाच, आणि लाईट आल्यावर कोणी हात न लावता स्क्रीन आपोआप बोर्डावर आली पाहिजे, हे मेन स्विच पाडून तीनदा बघा.

ठोकाठोकीचं काम सुट्टीत काढा. दुसरा-चौथा शनिवार, दिवाळी, मे महिना. साक्ष चालू असताना शेजारी ड्रिल वाजलं तर साक्षीदाराचं वाक्य तुटतं.

चालू झाल्यावर पुकारा बंद करायचा नाही. ज्यांना दिसत नाही, वाचता येत नाही त्यांच्यासाठी तो हवाच, सोबत हलकी घंटी आणि नंबरचा आवाज देता आला तर उत्तम, दारं बंद असताना आत ऐकू जाणार नाही एवढाच. लोकअदालतीच्या दिवशी तडजोड घडवणारं कुठलं पॅनल (मंडळ) कुठल्या खोलीत हे दाखवायची सोय पण आत्ताच करून ठेवा, त्या दिवशी गर्दी वेगळीच असते.

ई-कोर्टस् चा तिसरा टप्पा २०२३ ला मंजूर झालाय, ७,२१० कोटींचा, त्यामुळे अशी कामं येत राहतील. टेंडर भरताना त्याच बॅचची जादा मॉड्यूलं, निदान पाच टक्के, पहिल्याच बिलात धरा. दोन वर्षांनी आणलेल्या मॉड्यूलचा रंग जुळत नाही. ती नाझरसाहेबांच्या (कोर्टाचं सामान सांभाळणारे) ताब्यात, नोंद करून, कोरड्या कपाटात ठेवायला द्या, आणि कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवा, मॉड्यूल कसं काढायचं, केबल कुठली आधी, मोठ्या अक्षरात, मराठीत.