गोल होता का नव्हता? पानठेल्यावरचा व्हीएआरचा वाद निपटवायचा कसा

वाद सुरू झाला की कोण कोणाचा फॅन हे काढू नका, पहिले भांडण नेमकं कशावर आहे ते पकडा. "रेफ्रीनं मॅच खाल्ली बे" या एका वाक्यात तीन वेगळी भांडणं घुसलेली असतात. नियम काय म्हणतो हे एक, व्हीएआरला, म्हणजे मैदानाबाहेर खोलीत बसून व्हिडिओवर निर्णय तपासणाऱ्या रेफ्रीला, तिथं तोंड घालायचा अधिकार होता का हे दुसरं, अन् आपल्याला टीव्हीवर जे दिसलं ते तसंच होतं का हे तिसरं. ठेल्यावर काय होते, एकजण नियमावर बोलून राहिला, दुसरा कॅमेऱ्यावर, तिसरा 1986 च्या वर्ल्डकपमध्ये मॅराडोनानं हातानं केलेल्या गोलवर जाऊन बसला, अन् खर्रा घोटणारा भाऊ तिघांनाही "बराबर आहे" म्हणून राहिला, मग हे रात्रभर मिटणार कसं.

अधिकाराचं पहिले घ्या कारण अर्धी भांडणं इथंच संपतात. फुटबॉलचे नियम एकटी फिफा ठरवत नाही, आयएफएब नावाची मंडळी ठरवते, तिथं फिफाची चार मतं अन् इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड यांचं एकेक, अन् काही बदलायचं तर आठातली सहा लागतात. यांनी मार्च 2018 मध्ये व्हीएआर नियमात घेतला अन् त्याच वर्षी रशियाच्या वर्ल्डकपमध्ये तो दिसला. तेव्हा त्याला चार जागा दिल्या: गोल, पेनल्टी, सरळ रेड कार्ड, अन् कार्ड भलत्याच माणसाला दाखवलं तर. मैदानाच्या मधातला साधा फाऊल, थ्रो कोणाचा, पहिला यलो, यात तो बोलत नाही. पण एक खोच आहे, त्याच मधातल्या फाऊलनं बॉल हिसकावून पुढं थेट गोल झाला तर तो फाऊल तपासता येते. म्हणून "मागच्या मॅचले तं नाही पाह्यलं, आता काहून पाह्यलं?" असं कोणी म्हणलं की विचारा, भाऊ, मागच्या वेळी त्यातून गोल झालता का?

आता खरी गोम. टीव्हीसमोर बसून आपण विचारतो की निर्णय बरोबर होता का. व्हीएआरवाला ते विचारतच नाही, तो पाहते की मैदानावरच्या रेफ्रीची चूक साफ अन् उघड आहे का. फरक लय मोठा आहे. एखादी टॅकल अशी असते की दहा जणांत पाच पेनल्टी म्हणतील अन् पाच नाही म्हणतील, तिथं रेफ्रीनं जे दिलं तेच राहते, मग एका मॅचमध्ये पेनल्टी अन् दुसऱ्या मॅचमध्ये तशाच टॅकलला काहीच नाही, अन् दोन्ही निर्णय कायम. डोकं फिरते हे खरं आहे, पण फसवाफसवी नाही, नियमच तसा बांधलेला आहे. ऑफसाईड (पास देताना फॉरवर्ड समोरच्या टीमच्या शेवटून दुसऱ्या माणसाच्या पुढं होता का) अन् बॉल लाईनच्या बाहेर गेला का, हे मात्र मापाचं काम, तिथं साफ-उघड वगैरे काही नाही, बोटभर पुढं असला तरी ऑफसाईड. माझं मत विचाराल तर मापाच्या कामासाठी व्हीएआर पाहिजेच, अन् फाऊल-हँडबॉलच्या कामात तो आला काय अन् गेला काय, वाद तेवढाच राहते. इंग्लंडमध्ये 2024 ला वोल्व्ह्ज क्लबनं व्हीएआर बंद करा म्हणून ठराव आणला, मतदान झालं 19 विरुद्ध 1, म्हणजे शिव्या सगळेच देतात पण सोडायला कोणी तयार नाही.

तिसरं भांडण, दिसण्याचं, ते तोंडानं मिटत नाही, करून दाखवा. 2022 च्या वर्ल्डकपमध्ये जपान-स्पेन मॅचला मितोमानं लाईनवरून बॉल मागं ओढला अन् तनाकानं गोल केला, जपान 2-1 जिंकला अन् तिकडं जर्मनी बाहेर. बॉल बाहेर गेल्यासारखा दिसते त्या क्षणाच्या फोटोवरून आजही पोट्टे भांडतात. तर ठेल्यावरच एक संत्रं घ्या, आपल्याकडे त्याची काही कमी नाही, अन् फळीवर चुन्याची बोटभर जाड सरळ लाईन ओढा. संत्रं लाईनच्या बाहेर ठेवा पण असं की त्याची फुगलेली कड लाईनच्या बाहेरच्या काठावर थोडीशी येईल. आता बाजूनं, खाली वाकून पाहा, संत्रं अन् चुना यांच्यात मोकळी फळी दिसते अन् तुम्ही छातीठोक सांगाल की बाहेर आहे. मग उभं राहून बरोबर वरून पाहा, मोकळी फळी गायब, कड लाईनवर आलेली. नियम म्हणते पूर्ण बॉल पूर्ण लाईनच्या पलीकडं गेला पाहिजे, जमिनीवर असो की हवेत. खऱ्या बॉलचा घेर 68 ते 70 सेंटीमीटर, म्हणजे मधापासून कड साधारण 11 सेंटीमीटर, त्यामुळं बॉल जमिनीला जिथं टेकला ती जागा लाईनच्या दहा सेंटीमीटर बाहेर असली तरी बॉल खेळातच असते. हे एकदा दाखवलं की वाद घालणारा गप होते, संत्रं सोलून खाते अन् दुसऱ्या मॅचवर जाते.

ऑफसाईडच्या स्क्रीनशॉटचंही तसंच. व्हॉट्सॲपवर कोणी फोटो थांबवून त्यावर लाल लाईन ओढून पाठवते, तर त्याला दोन प्रश्न विचारा. पहिला, फोटो कोणत्या क्षणाचा? पास देणाऱ्याचा पाय बॉलला पहिल्यांदा लागला तो क्षण धरायचा असतो, बॉल पायातून सुटल्यावरचा नाही. साध्या व्हिडिओत सेकंदाला 30 फोटो असतात अन् ताशी 30 किलोमीटरनं पळणारा फॉरवर्ड एका फोटोपासून दुसऱ्या फोटोपर्यंत वीतभराहून जास्त पुढं सरकते, डिफेंडर उलट्या दिशेनं वर येत असला तर फरक अजून वाढते, मग तुमच्या स्क्रीनशॉटमधल्या चार बोटांच्या ऑफसाईडला काय अर्थ? कतारच्या वर्ल्डकपमध्ये म्हणूनच स्टेडियमच्या छताखाली 12 कॅमेरे लावले, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरच्या 29 जागा सेकंदाला 50 वेळा मोजल्या, अन् बॉलच्या पोटात बसवलेला सेन्सर सेकंदाला 500 वेळा माहिती पाठवत होता. सौदीविरुद्ध अर्जेंटिनाचे पहिल्या हाफमध्येच तीन गोल ऑफसाईडमध्ये गेले ते याच वर्ल्डकपमध्ये, अन् मॅच सौदीनं 2-1 नं घेतली, मेस्सीवाल्यांना अजून पचलं नाही.

दुसरा प्रश्न, लाईन शरीराच्या कोणत्या भागावरून ओढली? हात मोजत नाहीत. काखेच्या खालच्या टोकापासून हात सुरू होते असं धरतात, त्याच्या वरचा खांदा मोजते, डोकं मोजते, पाय मोजते. अन् शेवटून दुसऱ्या माणसाच्या बरोबरीत असला तर ऑफसाईड नाही. थ्रो, कॉर्नर, गोलकिक यांच्यावरून सरळ आलेल्या बॉलला ऑफसाईड नसतेच, हे लय जणांना माहीत नसते अन् तेच सगळ्यात जोरानं ओरडतात.

हँडबॉलवर जास्त वेळ घालवू नका. जाणूनबुजून लावला का, हात अंगापासून उगाच पसरवला होता का, अन् स्वतःच्या हाताला लागून लगेच त्यानंच गोल केला का, एवढे तीन सवाल. तिसऱ्यात चुकून लागला तरी गोल जाते. बाकी मताचं काम आहे, झोपायला जा.

कोणी म्हणेल मशीन आहे तर चूक होतेच कशी. त्याला 30 सप्टेंबर 2023 ची टॉटनहॅम-लिव्हरपूल मॅच सांगा. लिव्हरपूलच्या लुईस डियाझचा गोल चोख होता, मैदानावर ऑफसाईड दिला, व्हीएआरच्या खोलीत बसलेल्यानं पाहिलं, बरोबर पाहिलं, पण त्याला वाटलं मैदानावर गोलच दिला आहे, म्हणून "चेक कम्प्लीट" म्हणून मोकळा झाला. खेळ सुरू झाला अन् मग लक्षात आलं. खेळ पुन्हा सुरू झाला की मागचा निर्णय फिरवता येत नाही, लिव्हरपूल 2-1 नं हरलं अन् नंतर रेफ्रींच्या संस्थेनं माणसाची चूक झाली म्हणून मान्य केलं.

पण आपल्या देशाचं दुःख वेगळं आहे, आपल्याकडं व्हीएआर नसल्याचं. 11 जून 2024, दोहा, वर्ल्डकप क्वालिफायर, छांगतेच्या गोलनं भारत 1-0 पुढं, 73 व्या मिनिटाला बॉल गोलच्या बाजूनं एंडलाईनच्या बाहेर गेलेला, कतारवाल्यानं मागं ओढला, दुसऱ्यानं आत मारला, रेफ्रीनं गोल दिला. त्या फेरीत व्हीएआर नव्हता. 2-1 नं हरलो अन् पुढच्या फेरीचं दार बंद. जपानच्या गोलमध्ये अन् यात फरक काय असं कोणी विचारलं तर पुन्हा संत्रं काढा, पण या वेळी लाईनपासून चांगलं लांब ठेवा, वरून पाहिलं तरी मधात फळी दिसते.

आता गावच्या टुर्नामेंटचं, कारण पोळ्यानंतर जिकडंतिकडं सुरू होतात अन् मारामाऱ्या तिथंच होतात. मोबाईलचा व्हिडिओ पाहून निर्णय द्यायचा का, हे उद्घाटनाआधी दोन्ही कॅप्टनसमोर ठरवा, मॅचच्या मधात नाही. माझा सल्ला, गोल अन् लाईन एवढ्यासाठीच पाहायचा, फाऊलसाठी बिलकुल नाही. अन् मोबाईल कमिटीचाच, गोलपोस्टच्या सरळ रेषेत बांबू गाडून त्याला बांधलेला. प्रेक्षकांतून कोणी "माह्याकडे हाये ना व्हिडिओ" म्हणत धावत आला तर त्याला प्रेमानं पाणी पाजा अन् परत पाठवा, कोपऱ्यातून तिरपा काढलेला व्हिडिओ संत्र्यासारखाच फसवते.

त्याहून जास्त उपयोगाची गोष्ट म्हणजे जाळी. अर्धे वाद बॉल पोलच्या आतून गेला की बाहेरून यावर होतात, अन् वर दांडा नसून दोरी असली की उंचीवर. पिकावर पाखरं बसू नये म्हणून टाकतात ती जाळी चालते, वर दोरीऐवजी सरळ बांबू ठोका. लाईनची फक्की सकाळी मारली अन् दुपारच्या दोन मॅचमध्ये पुसून गेली असं होते, म्हणून प्रत्येक मॅचच्या आधी निदान गोललाईन अन् डी पुन्हा मारा. लाईनमन खेळणाऱ्या दोन गावांतला नको, तिसऱ्या गावचा घ्या. सेव्हन-अ-साईड असेल तर ऑफसाईड काढूनच टाका, लाईनमनचं डोकं वाचते.

कॅप्टनला सांगून ठेवा, हरकत घ्यायची तर सेंटर (गोलनंतर मधातून पुन्हा सुरुवात) होण्याआधी, अन् एकट्यानंच रेफ्रीजवळ जायचं. टीम घेऊन बाहेर पडायचं नाही. मार्च 2023 ला बंगळुरूत छेत्रीनं भिंत लागायच्या आधीच फ्रीकिक मारून गोल केला, केरळा ब्लास्टर्स चिडून मैदान सोडून गेले, मॅच तर गेलीच, वरून चार कोटींचा दंड अन् कोचवर दहा मॅचची बंदी. आपल्याकडं चार कोटी कोणी मागणार नाही, पण एंट्री फी परत मिळणार नाही हे पत्रिकेवरच छापा. अन् लेखी तक्रारीला पाचशे रुपये डिपॉझिट ठेवा, तक्रार खरी निघाली तर परत, खोटी निघाली तर त्यात रेफ्री अन् लाईनमनचे आलूबोंडे.