एसएसडी घेताना या चुका टाळा: आधी खाच बघा, मग वेग

कॉम्प्युटर सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागत असतील, तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणारा ड्राइव्ह) बसवण्याइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. पण खरेदीच्या वेळी नजर खोक्यावरच्या ‘सेकंदाला ७००० एमबी’वर जाते, आणि घरी कॅबिनेट उघडल्यावर कळतं की ती पट्टीसारखी एसएसडी आपल्या मदरबोर्डवर (कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डवर) चालतच नाही.

सगळ्यात जास्त घोळ ‘एम.२’ या नावाने होतो. एम.२ हे आकाराचं आणि जोडणीचं नाव आहे, वेगाचं नव्हे. अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन पट्ट्यांपैकी एक साटा (हार्ड डिस्कसाठीही वापरली जाणारी जुनी जोडणी) असते, तिचा कमाल वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास. दुसरी एनव्हीएमई (पीसीआयई या मदरबोर्डवरच्या वेगवान मार्गाने चालणारी), पीसीआयई ३.० वर साधारण ३५०० आणि ४.० वर ७००० एमबीपर्यंत जाणारी. ओळखायची असेल तर सोनेरी दातांची कड नीट बघा. एका टोकाला पाच दात सोडून एकच खाच असेल, तर ती बहुधा एनव्हीएमई. दोन्ही टोकांकडे एकेक खाच असेल, तर बहुधा साटा. ‘बहुधा’ म्हणायचं कारण असं की काही जुन्या एनव्हीएमई पट्ट्यांनाही दोन खाचा असतात. तेव्हा खात्री मॉडेल नंबरवरूनच करा.

आणि इथेच घोडं पेंड खातं: दोन खाचांची साटा पट्टी एनव्हीएमईच्या स्लॉटमध्ये आरामात बसते, स्क्रूही लागतो, पण स्लॉट फक्त पीसीआयईचा असेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) तिचं नावही दिसत नाही. बसली म्हणजे चालली, असं धरू नका.

हे टाळायला पाच मिनिटं पुरतात. विंडोजच्या सर्चमध्ये ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडा, ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’समोर मदरबोर्डचं मॉडेल दिसेल. त्याचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या आणि एम.२ चं पान वाचा. स्लॉट साटा घेतो, पीसीआयई घेतो की दोन्ही, ते तिथे असतं. कोणती लांबी चालते तेही असतं: २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. लॅपटॉपमध्ये कधी कधी २२४२ किंवा २२३० लागते. त्याच पानावरची तळटीप लोक हमखास सोडून देतात. एम.२ भरला की एक-दोन साटा पोर्ट बंद होतील, असं अनेक बोर्डांच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. नवी एसएसडी लावल्यावर जुनी हार्ड डिस्क ‘गेली’ असं वाटतं ते त्यामुळे. केबल दुसऱ्या पोर्टला लावा, डिस्क परत दिसेल.

एच६१ चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या नियंत्रक चिपचा) जुना डेस्कटॉप असेल, तर एनव्हीएमईच्या नादी लागू नका. अडॅप्टर कार्डावर ती दिसेल, पण अशा जुन्या बायोसवरून विंडोज सहसा सुरू होत नाही. २.५ इंची साटा एसएसडी घ्या. त्या चिपसेटचे साटा पोर्ट ३ गिगाबिटचे असल्याने वेग २७०-२८० एमबीवर अडेल, तरीही मशीन नवं वाटेल. विंडोज उघडताना एका सलग मोठ्या फाइलपेक्षा हजारो छोट्या फाइल वाचल्या जातात, आणि हार्ड डिस्क नेमकी तिथेच धापा टाकते.

आता खोक्यावरच्या आकड्याबद्दल. तो वेग सुरुवातीचा असतो. लग्नाच्या व्हिडिओचं १०० जीबीचं फोल्डर स्वस्त क्यूएलसी (चिपच्या प्रत्येक कप्प्यात चार बिट साठवणाऱ्या) ड्राइव्हवर कॉपी करून बघा: सुरुवातीचे काही जीबी सुसाट जातात, मग आलेख एकदम खाली कोसळतो, कधी कधी हार्ड डिस्कपेक्षाही खाली. ड्राइव्ह खराब झालेला नसतो, त्याची वेगवान कॅश (तात्पुरती साठवणीची जागा) भरलेली असते. ड्राइव्ह जितका भरलेला, तितकी ही कॅश लहान. म्हणून जमेल तिथे टीएलसी (कप्प्यात तीनच बिट साठवणारा) ड्राइव्ह घ्या आणि १५-२० टक्के जागा रिकामी ठेवा. आमच्या मते घरगुती वापराला ५००-५१२ जीबीची चांगली टीएलसी एसएसडी १ टीबीच्या नाव नसलेल्या स्वस्त ड्राइव्हपेक्षा केव्हाही बरी. बाकी १ टीबीच्या जागी ९३१ जीबी दिसले तर फसवणूक झाली असं समजू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. पण काहीशे रुपयांत ‘१६ टीबी’ची पोर्टेबल एसएसडी मिळत असेल, तर आत बहुतेक मेमरी कार्डच निघेल.

बसवताना पट्टी साधारण ३० अंशांत तिरकी सरकवा. सोडली की ती स्वतःहून थोडी वर उभी राहते, तेच बरोबर आहे. बोटाने आडवी दाबून छोटा स्क्रू लावा. हीटसिंक असेल तर थर्मल पॅडवरचं प्लॅस्टिक आधी सोला. ते तसंच राहिलं तर उष्णता बाहेर पडत नाही आणि तापलेला ड्राइव्ह स्वतःचा वेग कमी करतो.

‘धिस पीसी’मध्ये नवा ड्राइव्ह दिसला नाही की लोक तो परत करायला निघतात. कोऱ्या ड्राइव्हवर पार्टिशनच (वापरासाठी आखलेला भागच) नसतं. स्टार्टवर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा, जीपीटी (पार्टिशनची नोंद ठेवायची पद्धत) निवडून इनिशियलाइझ करा, मग न्यू सिम्पल व्हॉल्यूम. इथे आकार बघूनच डिस्क निवडा, चुकून जुनीवर हात पडला तर डेटा जाईल. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या काही लॅपटॉपवर विंडोजच्या इन्स्टॉलरलाच ड्राइव्ह दिसत नाही. तिथे व्हीएमडीचा (इंटेलच्या स्टोरेज नियंत्रकाचा) ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून लोड करावा लागतो.

जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल (क्लोन) नव्या एसएसडीवर करणार असाल तर आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) सस्पेंड करा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा मशीन सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा, नाहीतर बायोस विंडोज तिच्यावरूनच सुरू करेल आणि ‘एवढा खर्च करून काही फरक नाही’ असं वाटेल. ती लगेच फॉरमॅटही करू नका, महिनाभर कपाटात ठेवा. एसएसडीवर ट्रिम (पुसलेल्या फाइलची जागा खरोखर रिकामी करणारी सोय) चालू असतं, त्यामुळे पुसलेली फाइल रिकव्हरी सॉफ्टवेअरने सहसा परत येत नाही. क्लोनमध्ये राहून गेलेलं काही सापडलं, तर ते त्या जुन्या डिस्कवरच मिळेल.