बोर्डखालच्या डब्याला तडा गेलाय? दुरुस्तीला बसण्याआधीची तयारी

इलेक्ट्रिक स्केटबोर्डच्या खालच्या, बॅटरी ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या डब्याला तडा दिसला की हात आधी सुपरग्लूकडे जातो. ती ट्यूब बाजूला ठेवा. सुपरग्लू वाळला की कडक आणि ठिसूळ होतो, आणि ही जागा तर सतत हलणारी. दगडाचा मार बसूनही डबा फुटतो, पण तडा स्क्रूच्या भोकातून निघाला असेल तर कारण वेगळं असतं. प्रत्येक खड्ड्यात फळी वाकते, आणि स्क्रूंनी जखडलेला डबा तिच्याबरोबर वाकू शकत नाही. सगळा ताण मग भोकाच्या कडेवर येतो. तेव्हा तयारी नुसती तडा बुजवायची नको, हा ताण कमी करायचीही हवी.

आधी बॅटरी. चार्ज 30–40 टक्क्यांवर आलेला असावा, चार्जर काढलेला, बोर्ड बंद. बंद बोर्डातही बॅटरीच्या तारांमध्ये वीज असतेच; सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेले, 10 सेल असलेला लिथियम-आयन पॅक पूर्ण भरला की 42 व्होल्ट देतो. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा. डबा उघडण्याआधी स्क्रू कुठला कुठे होता याचा फोटो, उघडल्यावर तारांचा फोटो, मग मुख्य कनेक्टर सोडवून त्याच्या तोंडावर इन्सुलेशन टेप. सेल फुगलेले, चेपलेले दिसले किंवा गोडसर, रसायनासारखा वास आला तर डब्याचं काम तिथेच थांबवा. पॅक पेट घेणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवून जाणकाराला दाखवा. सगळं ठीक असलं तरी डबा पूर्ण रिकामा झाल्याशिवाय ड्रिल किंवा पॉलिश पेपर हातात घ्यायचा नाही. यात सवलत नाही.

मग प्लॅस्टिक ओळखा, कारण पुढचं सामान त्यावरच ठरतं. आतल्या बाजूला एबीएस किंवा पीसी (म्हणजे पॉलिकार्बोनेट) अशी प्लॅस्टिकच्या प्रकाराची अक्षरं कोरलेली असतील तर उत्तम. नसतील तर तुटलेला कपचा पाण्यात टाका. तरंगला तर तो पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन असण्याची दाट शक्यता, आणि त्यावर इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) धरत नाही. त्याच प्लॅस्टिकच्या कांडीने वेल्डिंग करा, नाहीतर डबा बदला. बुडाला तर त्याच कपच्यावर कापसाच्या बोळ्याने थेंबभर अॅसिटोन लावा. एबीएस चिकट होतं. पॉलिकार्बोनेट पांढुरकं पडतं, त्यावर बारीक चरे उमटतात. मग अॅसिटोन त्या डब्याच्या आसपासही नको.

तडा कुठे संपतो ते शोधायला टॉर्च हवा. डबा साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करा आणि अंधारात आतून उजेड टाका. काळ्या, जाड डब्यातून उजेड येत नसेल तर जागा बोटांनी हलकेच वाकवून पाहा, तड्याचं टोक उघडतं. डोळ्यांना दिसतं त्याच्या किंचित पुढे तडा गेलेला असतो. त्या खऱ्या टोकावर 3 मिलिमीटरचं भोक पाडा, मागे लाकडाचा तुकडा धरून, ड्रिल सावकाश चालवत. टोकदार तडा पुढे सरकत राहतो. गोल भोकाशी ताण पसरतो आणि तडा थांबतो. हे भोक टाळून नुसता वरून लेप दिलात तर तडा लेपाखालून पुढे जाईल.

ठिगळ आतून लावायचं. त्यासाठी 80 नंबरचा पॉलिश पेपर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, फायबरग्लासचं कापड, सावकाश वाळणारं इपॉक्सी, हातमोजे आणि मास्क. पाच मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी नको, कापडात मुरायला त्याला वेळच मिळत नाही. तड्याभोवती 2–3 सेंटीमीटरपर्यंत चकाकी जाईतो घासा, पुसा, मग कापडाचे दोन-तीन थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा मोठा आणि कोपरे गोल कापलेला. कार्बन फायबर कितीही देखणं असलं तरी बॅटरीजवळ नको, त्यातून वीज वाहते. डबा एबीएसचा असेल तर ठिगळाआधी त्याच प्लॅस्टिकचा कीस अॅसिटोनमध्ये विरघळवून तडा भरता येतो. हे मिश्रण काचेच्या बाटलीत, हवेशीर जागी, आगीपासून लांब करा. वास पूर्ण गेल्याशिवाय ना ठिगळ, ना बॅटरी. इपॉक्सीला निदान 24 तास द्या. ठिगळामुळे आतली जागा कमी होते, म्हणून पॅक परत ठेवताना ते सेलवर दाबत नाही ना, हे बोट फिरवून बघाच.

आता खरं कारण. स्क्रूची भोकं स्क्रूपेक्षा थोडी मोठी करा: 5 मिलिमीटरच्या स्क्रूला 6 मिलिमीटरचं भोक. खोलगट बसणारा शंकूच्या डोक्याचा स्क्रू पाचरीसारखा प्लॅस्टिक फाकवतो. त्याऐवजी सपाट बुडाच्या डोक्याचा स्क्रू, खाली रुंद वॉशर. फळी आणि डबा यांच्यामध्ये मऊ फोमची पट्टी घाला. ती पाणी अडवते आणि फळीला हलायला वावही देते. स्क्रू हातानेच, समोरासमोरचे आळीपाळीने, पट्टी थोडी दबेपर्यंतच आवळा. इलेक्ट्रिक स्क्रू ड्रायव्हर इथे नको. स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचं थ्रेडलॉकर एबीएस आणि पॉलिकार्बोनेटला तडे पाडतं. स्क्रू सैल होत असतील तर नायलॉनचे लॉकनट वापरा. फळी फारच लवचिक असेल तर एकसंध लांब डबा पुन्हा फुटेल. बॅटरी आणि मोटर चालवणारा कंट्रोलर दोन वेगळ्या डब्यांत घालण्याचा विचार करा.

शेवटी एक मार्कर. तडा थांबवायला पाडलेल्या भोकाच्या पुढे बाहेरून बारीक रेघ ओढा, शेजारी तारीख लिहा. पहिल्या काही फेऱ्यांनंतर बोर्ड उलटा करून बघा. तडा रेघ ओलांडून गेला असेल तर अजून ठिगळं लावण्यात अर्थ नाही, नवा डबा घ्या.